सिमतोल्याचे दिवस

ज्ञातिसंस्थांच्या जुन्या जमाखर्चांत ज्या रकमा ठळक अक्षरांत मांडलेल्या असतात त्यांचा इतिहास बहुधा सर्वांस ठाऊक असतो. वसतिगृहाचा निधी, सभागृहाची पायाभरणी, शिष्यवृत्तीची ठेव, यांविषयी अध्यक्षांच्या भाषणांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परंतु काही रकमा इतक्या क्षुल्लक असतात की, त्यांच्याकडे हिशेबतपासनीसाचेही लक्ष जात नाही. अशीच एक रक्कम पाच रुपयांची आहे. कलकत्त्यास सारस्वतांच्या एका मेळाव्यात एका शाळकरी मुलाने सर्पनृत्य करून दाखविले आणि त्यास रोख पाच रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या मुलाचे नाव गुरुदत्त शिवशंकर पदुकोण. पुढे १९५७ साली ‘प्यासा’ आणि १९५९ साली ‘कागज के फूल’ निर्माण करणारे गुरुदत्त ते हेच.

यंदा या लहानशा रकमेची आठवण होण्यास कारण घडले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्ञातीतील मुलामुलींसाठी महिनाभराचे कलाशिबिर भरवावे, त्यात गायन, नृत्य, नाट्य व चित्रकला शिकवावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली. सूचना साधीच, पण तिच्यावर जी चर्चा झाली ती साधी नव्हती. सुट्टीत मुलांनी पुढील इयत्तेची तयारी करावयाची की नाचावयाचे, असा रोकडा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. दुसऱ्या एका भगिनींनी, मुलगे व मुली एकत्र राहणार असतील तर आपली संमती नाही, असे स्पष्ट सांगितले. हे दोन्ही आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या पिढ्यांनी कारकुनी करून, रात्रीच्या शिकवण्या करून मुलांस शिकविले, त्यांना असे प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मात्र ते नवे नाहीत. हिमालयाच्या कुशीत चाललेल्या एका कलाकेंद्राच्या दारात हिंदुस्थानातल्या कितीतरी आईबापांच्या मनांत ते उभे राहिले असतील. त्या केंद्राची हकिकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हे केंद्र म्हणजे विख्यात नर्तक उदय शंकर यांचे अल्मोड्याचे ‘इंडिया कल्चर सेंटर’. उदय शंकर बंगाली कुटुंबातले. त्यांचा जन्म १९०० साली उदयपुरास झाला. नावही त्या नगरीवरूनच पडले. वडील पंडित श्यामशंकर चौधरी हे झालावाड संस्थानच्या सेवेत होते. पण आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, १९१८ च्या सुमारास हा तरुण मुंबईस आला, तो जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास. आणि त्याच मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयातही त्याने संगीताचे पाठ घेतले. कुरुंदवाडच्या या सत्पुरुषाने गाण्यास बैठकीतून विद्यालयात आणले, वेळापत्रक दिले, शिस्त दिली. गायनाची शाळा असू शकते, तीत सभ्य घरची मुले जाऊ शकतात, ही कल्पना आज आपणांस स्वाभाविक वाटते. १९०१ साली लाहोरास पलुसकरांनी पहिले गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा ती तशी नव्हती. नृत्याचीही शाळा असू शकेल, हा विचार उदय शंकरांच्या मनात मुंबईत रुजला असे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही, पण अशी शाळा प्रत्यक्ष चालते हे त्यांनी प्रथम मुंबईत पाहिले, एवढे निश्चित.

पुढे १९२० साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांची गाठ रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिच्याशी पडली आणि १९२३ साली तिच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ या नृत्यात ते रंगभूमीवर उतरले. चित्रकाराचा नर्तक झाला तो तेथे. पुढे ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचा संच उभा केला आणि १९३१ साली पॅरिसमध्ये त्याचा प्रयोग केला. संचातील वाद्ये सारी भारतीय होती, ही त्या काळी मोठी धिटाई होय. युरोप-अमेरिकेत संचाचा जयजयकार झाला. पण उदय शंकरांस एक उणीव बोचत होती. आपण स्वतः कोणत्याही एका परंपरेत लहानपणापासून वाढलो नाही. जे शिकलो ते प्रौढ वयात, तुकड्यातुकड्यांनी. ज्यास हे सारे एका ठिकाणी, पद्धतशीर मिळेल असा मुलगा कसा नाचेल? इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल या ठिकाणी शेती, शिक्षण व कला एकत्र नांदत असलेली त्यांनी पाहिली. ते चालविणारे लिओनर्ड एल्महर्स्ट हे पूर्वी रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात काम केलेले गृहस्थ. एल्महर्स्ट कुटुंबाने आर्थिक साहाय्य दिले आणि १९३८ साली मायदेशी परतून उदय शंकरांनी अल्मोड्यास केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले.

अल्मोड्याची निवड का केली, असे पुष्कळांनी त्या वेळी विचारले असणार. मुंबई-कलकत्ता सोडून एवढ्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? मुंबईहून निघणाऱ्याने आगगाडीने बरेली गाठावी, तेथून काठगोदाम. काठगोदामास रूळ संपतात आणि मोटारीचा घाट सुरू होतो. वळणावळणांनी पोट ढवळून निघते, आणि मग समुद्रसपाटीपासून सुमारे ५,४०० फूट उंचीवर, घोड्याच्या खोगिरासारख्या डोंगरकण्यावर वसलेले ते गाव दिसते. गावाजवळच सिमतोल्याची टेकडी. भोवती चीड आणि देवदार. आकाश निरभ्र असेल तर उत्तरेस त्रिशूल व नंदादेवी यांची हिमशिखरे. मे महिन्यात आपण येथे घामाच्या धारांनी हैराण होतो तेव्हा तेथे पहाटे घोंगडी लागते. ज्यास दिवसाचे सहा-आठ तास अंग मोडून घ्यावयाचे आहे त्यास अशी हवा हे अर्धे औषधच. शिवाय शहरात विद्यार्थी वर्ग संपताच घरी जातो. डोंगरावर तो जात नाही. जेवताना, चालताना, झोपेपर्यंत तो त्याच विद्येच्या सहवासात राहतो. गुरुकुलाचा अर्थ हाच नव्हे काय?

केंद्राचा पूर्ण अभ्यासक्रम पाच वर्षांचा आखलेला होता. तो तयार करण्यात झोहरा मुमताज यांचा हात होता. रामपूरच्या घराण्यात वाढलेल्या, जर्मनीत नृत्यशिक्षण घेतलेल्या या बाई १९३५ पासून संचात होत्या व केंद्रात शिक्षिका झाल्या. याशिवाय उन्हाळ्याच्या महिन्यांत थोड्या मुदतीचे वर्गही भरत. ज्यांस पाच वर्षे देणे शक्य नाही अशा तरुणांस व हौशी मंडळीस त्यांचा लाभ होई. हिवाळ्यात डोंगर गारठले की संच दौऱ्यावर निघावयाचा. दौऱ्यातून पैसा यावा आणि उन्हाळ्यात शाळा चालावी, असे त्याचे गणित होते.

आता दिनक्रमाकडे वळू.

सकाळ सुरू होई ती सर्वांच्या एकत्र वर्गाने. हा वर्ग स्वतः उदय शंकर घेत. नवखा विद्यार्थी मनात अपेक्षा धरून येई की, पहिल्या दिवशी निदान एखादी मुद्रा तरी शिकवतील. त्यास सांगण्यात येई, ‘चाला.’ ढोलाच्या ठेक्यावर, एकामागून एक, कधी दोघादोघांनी, साऱ्या दालनास वळसे घालीत चालावयाचे. ठेका बदलला की चाल बदलावयाची. मग म्हाताऱ्याची चाल, ओझे वाहणाऱ्याची चाल, राजाची चाल. आईच्या कडेवरून उतरल्यापासून जे येते असे आपण समजतो ते आपणांस येत नाही, हा पहिला धडा. आम्हांस वाटते, ज्या शिक्षकाने आपल्या शास्त्राचा आरंभ इतक्या खालून करण्याचे धैर्य दाखविले तो खरोखर शिक्षक होता. आपल्या गायनवर्गांतून तिसऱ्याच दिवशी नाट्यपद बसविण्याची घाई होते, तिच्याशी ताडून पाहावे.

चालण्यामागोमाग कल्पनेचे धडे येत. रिकाम्या दालनात जणू सामानाने भरलेली खोली आहे असे मनाशी धरून वावरावयाचे. तेथे जी खुर्ची नाही तिला अडखळावयाचे, जे दार नाही ते उघडावयाचे. एखादा विषय देऊन तेथल्या तेथे नृत्य रचावयास सांगत, आणि बाकीच्यांनी गोलाकार बसून ते निरखावयाचे व त्यावर बोलावयाचे. टीका ऐकून घेण्याची सवय ही नृत्याइतकीच अवघड विद्या आहे, हे सभासंमेलनांच्या अनुभवावरून वाचकांस पटेल.

त्यानंतर विद्यार्थी निरनिराळ्या गुरूंकडे जात, आणि येथे या केंद्राचे खरे वैभव दिसे. कथकलीसाठी केरळातून शंकरन् नंबुद्री आले होते. भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, जे बालसरस्वतीसारख्या नर्तकीचे गुरू. मणिपुरीसाठी अमुबी सिंग. आणि संगीतास मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. एका टेकडीवर अशी चार माणसे एकत्र नांदली, ही त्या काळी केवढी घटना, हे समजण्यासाठी त्या विद्यांतील अंतर ध्यानी घेतले पाहिजे. कथकलीचा विद्यार्थी डोळ्यांची बुबुळे वर-खाली, तिरकी, वर्तुळाकार फिरविण्याचा सराव करतो, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन उभा राहतो. भरतनाट्यात गुडघे बाहेर वळवून अर्धे बसावयाचे व तळवा जमिनीवर सपाट, खणखणीत आपटावयाचा. गुरू लाकडी काठीने लय देत असतो. मणिपुरीत ह्याच्या नेमके उलट. तेथे पाऊल भूमीस दुखवावयाचे नाही, पायांत घुंगरू नाहीत, मुद्रा संयमित, सारे अंग वेलीसारखे वळते. सकाळी ज्या पायांनी जमीन दणाणून सोडली त्याच पायांनी दुपारी जमिनीस कळू न देता चालावयाचे! गुरूंपैकी एकाची भाषा मल्याळी, दुसऱ्याची तमिळ, तिसऱ्याची मणिपुरी; विद्यार्थी बंगाली, पंजाबी, गुजराती, कानडी. अशा ठिकाणी शब्द फारसे कामास येत नाहीत. गुरू करून दाखवितो व शिष्य पाहून करतो.

खाँसाहेबांविषयी काय लिहावे! मैहरला शारदादेवीची भक्ती करणारा हा नमाजी मुसलमान, आणि शिस्त अशी की शिष्यांच्या छातीत धडकी भरावी. त्यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी व उदय शंकरांचे धाकटे बंधू रवि शंकर यांचा विवाह १५ मे १९४१ रोजी अल्मोड्यासच झाला. रवि शंकर तत्पूर्वी १९३८ साली नृत्य सोडून खाँसाहेबांपाशी सतार शिकण्यास मैहरला गेले होते. युरोपातील झगझगाट सोडून एका लहानशा संस्थानी गावात झुरळाविंचवांच्या खोलीत सतार घोटीत बसावयाचे, हा निर्णय अठराव्या वर्षी घेणारा मुलगा कोणाच्याही घरात चिंतेचाच विषय झाला असता.

संगीताच्या बाजूस आणखी एक नाव आपल्या अगत्याचे आहे. विष्णुदास शिराळी. उत्तर कानड्यातील शिराळी म्हणजे चित्रापूर मठाचे गाव. आडनावच मूळ गाव सांगते. हे पलुसकरांचे शिष्य. उदय शंकरांच्या संचात त्यांनी युरोप-अमेरिका पाहिली व संगीतरचनेची जबाबदारी सांभाळली. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शेकडो वाद्ये एकसमयावच्छेदेकरून वाजतात. आपल्या संगीतात तो प्रकार नाही. मग नृत्यामागे भारतीय वाद्यांचा मेळ कसा उभा करावयाचा, कोणत्या क्षणी सरोद थांबावे व केवळ मृदंग बोलावा, याचा विचार शिराळींनी आयुष्यभर केला. नर्तक टाळ्या घेतो. त्याच्यामागे अंधारात बसलेल्या मनुष्याचे नाव जाहिरातीच्या तळाशी असते. आपल्या ज्ञातीच्या थोर पुरुषांच्या याद्यांत शिराळींचे नाव आम्हांस क्वचितच आढळले. ते यापुढे तरी यावे.

सायंकाळी तालमी. वेशभूषा, रंगभूषा, प्रकाशयोजना, पडदे, यांतले काहीही विद्यार्थ्यास वर्ज्य नव्हते. उदय शंकर मुळात चित्रकार; प्रकाशाकडे ते रंगासारखे पाहत. याच काळात त्यांनी ‘श्रम आणि यंत्र’ या विषयावर नृत्यनाट्य रचले. त्यात माणसांच्याच अंगांची चाके व दांडे होऊन यंत्र फिरे, आणि ते फिरविणारा मजूर हळूहळू त्याच यंत्राचा भाग होऊन जाई. नृत्य म्हणजे राधाकृष्ण आणि शिवपार्वती, एवढीच कल्पना असलेल्या प्रेक्षकांस त्याने विचारात पाडले. आणि मग रामलीला! कुमाऊँत रामलीला गाऊन करण्याची जुनी परंपरा आहे. अल्मोड्याच्या लोकांस रामकथा सांगावयास जाणे म्हणजे पंढरपुरात अभंग शिकवावयास जाण्यासारखेच. उदय शंकरांनी ती छायेत मांडली. डोंगरउतारावर प्रचंड पांढरा पडदा ताणला, मागे दिवे लावले, आणि नर्तकांच्या सावल्यांनी रामायण उभे केले. सावली दिव्याजवळ गेली की राक्षस होते, दूर गेली की माणूस. आसपासच्या खेड्यांतून माणसे पायी चालत आली व उतारावर बसून ती त्यांनी पाहिली. केंद्रातील मुलांनी त्या रात्री जो प्रेक्षक पाहिला तो मुंबईच्या नाट्यगृहात सापडण्याजोगा नव्हता.

भगिनींच्या आक्षेपाचे उत्तर येथे द्यावयास हवे, कारण तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. होय, केंद्रात मुलगे व मुली एकत्र शिकत. होय, तेथे प्रेमविवाह झाले. उदय शंकरांनी १९४२ साली संचातील अमला नंदी यांच्याशी विवाह केला. त्यांचे चिरंजीव आनंद यांचा जन्म त्याच वर्षी डिसेंबरात अल्मोड्यास झाला. झोहरा मुमताज यांनी इंदूरच्या कामेश्वर सहगल या आपल्याहून वयाने लहान अशा हिंदू तरुणाशी १४ ऑगस्ट १९४२ रोजी लग्न केले. पंडित नेहरू समारंभास येणार होते. परंतु ‘चले जाव’च्या ठरावानंतर ९ ऑगस्टला त्यांस अटक झाली व ते अहमदनगरच्या किल्ल्यात पोहोचले. ज्यांस अशा विवाहांची भीती वाटते त्यांस आमचे सांगणे एवढेच की, ती भीती कॉलेजे, कचेऱ्या व आगगाड्या यांविषयीही बाळगावी लागेल. झोहराबाई पुढे पृथ्वी थिएटर्समध्ये १४ वर्षे गावोगाव फिरल्या आणि २०१४ साली वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत त्यांचे पाठांतर शाबूत होते.

आता पुन्हा त्या पाच रुपयांकडे.

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ चा, बंगळूरचा. वडिलांची नोकरी कलकत्त्यास. घरची स्थिती बेताची. मातोश्री वासंतीबाई शिकविणाऱ्या, वाचनाच्या व लेखनाच्या व्यासंगी. भाषांची आवड त्या घरात होती, पैसा नव्हता. मुलगा हुशार, पण महाविद्यालयाचा खर्च झेपणारा नव्हता. लहानपणी दिव्याच्या उजेडात भिंतीवर बोटांच्या सावल्या पाडून चित्रे करण्याचा त्यास नाद होता. मातुलपक्षाकडील आप्त बी. बी. बेनेगल हे चित्रकार. त्यांच्या एका गारुड्याच्या चित्रावरून त्यास सर्पनृत्य सुचले व ते त्याने सारस्वतांपुढे केले. तेथे मिळालेले पाच रुपये हे, आमच्या समजुतीप्रमाणे, आपल्या समाजाने त्याच्या कलेस दिलेले पहिले नाणे. देणाऱ्याने काही फार विचार केला असेल असे नाही. मुलाने बरे केले, पाठीवर थाप द्यावी, इतकेच. पण ज्या घरात महिनाअखेरीस रुपया मोजून खर्चावा लागतो त्या घरात, नाचून पाच रुपये मिळतात, ही गोष्ट आईबापांच्या विचारास निराळे वळण देऊ शकते.

कलकत्त्यास उदय शंकरांचे प्रयोग होत. त्यांपायी मुलाने अल्मोड्याचा ध्यास घेतला आणि तो केंद्रात दाखल झाला. त्यास वर्षाकाठी ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. दोन-अडीच वर्षे तो तेथे राहिला. त्याच्याबरोबरीच्या मुलांत व संचात जी मंडळी होती त्यांपैकी नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, शांती बर्धन, प्रभात गांगुली ही नावे पुढे नृत्याच्या इतिहासात गेली. गुरुदत्त नर्तक झाले नाहीत. म्हणून हा काळ वाया गेला असे म्हणावयाचे असेल तर त्यांचे चित्रपट एकवार पाहावेत. गाणे सुरू होते तेव्हा इतरांच्या चित्रपटांत कथा थांबते. त्यांच्या चित्रपटांत ती चालू राहते, कारण पात्रे गाण्यातही चालत असतात, वळत असतात, दारात थबकत असतात. ‘कागज के फूल’मध्ये रिकाम्या चित्रशाळेत वरून पडणारा प्रकाशाचा झोत हे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे कसब खरे. परंतु अंधारात उभ्या केलेल्या माणसाकडून काही न करविता सर्व काही वदवून घेणे ही दृष्टी सिमतोल्याची आहे, असे आमचे मत आहे. भिंतीवर सावल्या पाडणारा मुलगा छाया-रामलीलेच्या गुरूपाशी जाऊन राहिला, हा योग लहान नव्हे.

केंद्र टिकले नाही. महायुद्धाने परदेशची मदत आटली, दौरे कठीण झाले, अन्नधान्य व वाहतूक महाग झाली. १९४२ नंतर देशाचे चित्तही दुसरीकडे होते. नंबुद्री व कंदप्पा पिळ्ळै हे गुरूही त्याच काळात निवर्तले. १९४४ पर्यंत केंद्राची दारे बंद झाली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या संस्थेस पाच वर्षेही धड मिळाली नाहीत! हिशेबाच्या दृष्टीने पाहणाऱ्याने यास अपयश म्हणावे. तसे म्हणणारे त्या वेळी होते. शुद्ध परंपरेचे अभिमानीही म्हणत की, चार नृत्यांची खिचडी करून हे गृहस्थ कोणतेच नृत्य धड शिकवीत नाहीत. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. कथकली शिकण्यास आयुष्य लागते. दोन वर्षांत तिची चव कळते, विद्या येत नाही.

पण विझलेल्या चुलीतले निखारे लोकांनी आपापल्या घरी नेले. शांती बर्धन मुंबईस आले. १९४४ नंतर अंधेरीस जननाट्य संघाच्या मध्यवर्ती पथकात नर्तक, गायक व वादक एकत्र राहून, एकत्र जेवून काम करीत. तो दिनक्रम पुष्कळ अंशी अल्मोड्याचाच होता. त्यांनीच १९५२ साली मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ स्थापिला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींनी रामायण केले. नरेंद्र शर्मा दिल्लीस शाळकरी मुलांस शिकवीत राहिले. सुंदरी श्रीधराणी यांनी दिल्लीत त्रिवेणी कला संगम उभारले. मद्रासहून नृत्य शिकावयास आलेली लक्ष्मी शास्त्री पुढे लक्ष्मी शंकर म्हणून गायिका झाली. उदय शंकरांनी स्वतः १९४८ साली ‘कल्पना’ हा चित्रपट काढला. हिमालयात कलाकेंद्र काढणाऱ्या तरुणाचीच ती कथा, आणि संगीत विष्णुदास शिराळींचे. चित्रपट चालला नाही. २०१२ साली त्याची जीर्णोद्धारित प्रत कान येथील महोत्सवात दाखविली गेली, तेव्हा अमलादेवी स्वतः तेथे उपस्थित होत्या.

आणि गुरुदत्त १९४४ साली पुण्यास प्रभातमध्ये रुजू झाले. १९४५ च्या ‘लाखारानी’त विश्राम बेडेकरांच्या हाताखाली त्यांनी काम केले; १९४६ च्या ‘हम एक हैं’ चित्रपटात नृत्ये बसविली. म्हणजे चित्रपटांतही अल्मोड्याचे नृत्य त्यांच्या कामी आले. १९६४ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा आपल्या समाजात व्याख्याने झाली, चित्रपट दाखविले गेले आणि ‘आपला गुरुदत्त’ हा शब्दप्रयोग आम्ही अनेक मुखांतून ऐकला.

तो ऐकताना आम्हांस एक गोष्ट आठवून संकोच वाटला, ती येथे लिहून ठेवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शिष्यवृत्ती-समितीवर होतो. एका मुलीचा अर्ज आला होता. तिला उन्हाळ्यात दूरच्या गावी गुरूकडे राहून नृत्य शिकावयाचे होते आणि प्रवासभाडे व दोन महिन्यांचा भोजनखर्च एवढीच तिची मागणी होती. गुणपत्रिका चांगली होती. नियमांत ‘मान्यताप्राप्त शिक्षणक्रम’ असे शब्द होते. उन्हाळी वर्ग त्यांत बसत नव्हता. आम्ही अर्ज फेटाळला. मतदानही घ्यावे लागले नाही. त्याच बैठकीत, अभियांत्रिकीच्या ज्या विद्यार्थ्यास आम्ही रक्कम दिली त्याने ती योग्य तऱ्हेने वापरली व पुढे परतही केली. त्याविषयी तक्रार नाही. मुलीचे पुढे काय झाले याची आम्ही चौकशी केली नाही. ज्यांनी कलकत्त्यास पाच रुपये दिले त्यांच्यापाशी बहुधा नियमावली नव्हती.

कार्यकारी मंडळाने शिबिराची सूचना आता स्वीकारली असून पहिले शिबिर येत्या मे महिन्यात सभागृहात, सकाळी सात ते अकरा या वेळात भरावयाचे आहे. निवासाची व्यवस्था यंदा नाही. शिष्यवृत्तीच्या नियमातील ते दोन शब्द बदलण्याचा ठराव आम्ही सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर दिला आहे. तो आठव्या क्रमांकावर, चहापानाच्या आधी येतो. सभासदांनी तोवर थांबावे ही विनंती. ज्या कुटुंबांचे वडीलधारे त्या काळी कलकत्त्यास नोकरीनिमित्त होते, त्यांच्या पेट्यांतून तेथील मेळाव्यांची छायाचित्रे किंवा अहवाल निघाल्यास ते कार्यालयात दाखवावेत. प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील.